दिवा लुकलुकतो, पण धूर कळतो का?

स्मोक डिटेक्टर आग ओळखत नाही. आगीतून निघालेला धूर त्याच्या पोटातल्या लहानशा कोठडीत शिरला तर तो बोंब मारतो; शिरला नाही, तर खाली गादी पेटलेली असली तरी त्याला खबर नसते. इमारतीत डिटेक्टर कुठे लावायचा, किती लावायचे, भिंतीपासून किती लांब ठेवायचे आणि लावल्यावर ते कसे तपासायचे, याचे बहुतेक सगळे नियम या एका मर्यादेतून निघालेले आहेत. छतावरच्या त्या पांढऱ्या वाटीवर लाल दिवा अधूनमधून लुकलुकतो तेव्हा एवढेच कळते, की तिला वीज मिळते आहे आणि तळमजल्यावरच्या नियंत्रण पॅनेलशी तिचे बोलणे चालू आहे. धूर तिच्यापर्यंत पोहोचतो की नाही, हे त्या दिव्याला सांगता येत नाही.

आज बसवले जाणारे बहुतेक डिटेक्टर प्रकाशावर चालतात. आतली कोठडी काळ्या प्लॅस्टिकची, वेड्यावाकड्या पाकळ्यांची असते. हवा आत येऊ शकते, बाहेरचा उजेड येऊ शकत नाही. कोठडीत एक बारीक एलईडी असतो, सहसा डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाचा, आणि त्याच्यासमोर थेट न पाहता तिरक्या कोनात बसवलेला एक प्रकाशग्राहक. हवा स्वच्छ असेल तर एलईडीचा झोत ग्राहकाला चुकवून निघून जातो. धुराचे कण आत आले की त्यांच्यावर आदळून प्रकाश विखुरतो, त्यातला थोडा ग्राहकावर पडतो आणि ठरावीक पातळीच्या वर गेला की डिटेक्टर अलार्म देतो. कवडशात तरंगणारी धूळ दिसते त्यामागे हेच तत्त्व आहे. याच तत्त्वामुळे या डिटेक्टरला धूळ, वाफ आणि धूर यांतला फरक नीट करता येत नाही. नव्या पिढीतल्या काही डिटेक्टरांत दोन रंगांचा प्रकाश किंवा दोन वेगवेगळे कोन वापरून कणांच्या आकाराचा अंदाज घेतात, काहींत सोबत तापमानही मोजतात आणि मगच निर्णय देतात.

याआधी आयनीकरणावर चालणाऱ्या डिटेक्टरांचा जमाना होता. त्यांची कथा स्वित्झर्लंडमधली. १९३० च्या दशकात वॉल्टर येगर हा भौतिकशास्त्रज्ञ विषारी वायू ओळखणारे यंत्र बनवण्याच्या खटपटीत होता. वायूने यंत्राचा काटा काही हलेना. येगरने सिगारेट पेटवली आणि काटा हलला. त्या धाग्यावर पुढे त्याचा सहकारी अर्न्स्ट माइली याने काम करून उपयोगी पडेल असा डिटेक्टर घडवला. या प्रकारात अमेरिशिअम-२४१ या किरणोत्सारी मूलद्रव्याचा कणभर तुकडा दोन पट्ट्यांमधली हवा आयनीभूत करतो, तिच्यातून अत्यंत क्षीण वीज वाहते आणि धुराचे कण आले की ती रोडावते. ज्वाळांनी भडकलेल्या आगीतले अतिसूक्ष्म कण हा डिटेक्टर लवकर पकडतो. गादी, सोफा किंवा वायरचे आवरण धुमसते तेव्हा निघणारे मोठे कण मात्र प्रकाशाच्या डिटेक्टरला आधी कळतात. घरे, हॉटेले, रुग्णालये यांतल्या पुष्कळ आगी तासभर धुमसून मग पेटतात, हे प्रकाशाच्या डिटेक्टरने बाजी मारण्याचे एक कारण. दुसरे कारण कचऱ्याचे आहे. अमेरिशिअमचे अर्धआयुष्य ४३२ वर्षांचे, त्यामुळे असा जुना डिटेक्टर भंगारवाल्याला देता येत नाही. मुंबईतल्या अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमांनुसारच त्याची विल्हेवाट लावावी लागते. जुन्या कार्यालयाचे नूतनीकरण करताना छतावरून उतरवलेल्या डिटेक्टरांवर किरणोत्साराचे तीन पाकळ्यांचे चिन्ह आहे का, हे उलटून पाहणे म्हणूनच आवश्यक असते.

प्रत्येक खोलीला धुराचा डिटेक्टर चालत नाही. स्वयंपाकघरात फोडणीचा धूर रोजचाच. तिथे उष्णतेवर चालणारा हीट डिटेक्टर लावतात. त्याचे दोन प्रकार: साधारण ५७ अंश सेल्सिअसला पोहोचल्यावर चालणारा, आणि तापमान झपाट्याने, म्हणजे मिनिटाला आठ-नऊ अंशांच्या गतीने वाढले तर त्याआधीच चालणारा. झाकण उघडताच वाफेचा लोट येतो अशा हॉटेलच्या भटारखान्यात दुसरा प्रकार उगाच बोंबलतो, म्हणून तिथे पहिलाच बरा, तोही जास्त तापमानाचा. जनरेटरच्या खोलीत आणि धुलाईघरातही हाच विचार. वाहनतळात गाड्यांच्या धुरामुळे धुराचा डिटेक्टर टिकत नाही. देवघराचा विचार नकाशावर क्वचितच होतो. पण गणपतीत दहा दिवस धूप आणि कापूर जळणाऱ्या सोसायटीच्या हॉलमध्ये बरोबर वर डिटेक्टर लावला असेल, तर अकराव्या दिवसापर्यंत कोणीतरी त्यावर प्लॅस्टिकची पिशवी बांधलेली असते. आणि ती पिशवी पुढच्या गणपतीपर्यंत तशीच राहते.

जागा ठरवण्यासाठी भारतात आयएस २१८९ ही भारतीय मानक ब्यूरोची संहिता आणि राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ चा चौथा भाग आधाराला घेतात. संहितेतला गाभ्याचा नियम सोपा आहे: सपाट छताच्या खोलीतला कोणताही बिंदू जवळच्या स्मोक डिटेक्टरपासून आडव्या अंतरात साडेसात मीटरपेक्षा लांब नसावा. हीट डिटेक्टरसाठी हेच अंतर ५.३ मीटर. इथे नवशिक्या हमखास फसतो. साडेसात मीटरची त्रिज्या म्हणजे दोन डिटेक्टरांमध्ये पंधरा मीटर, असे तो धरतो. तसे केले तर चार वर्तुळांच्या मध्ये कुणाच्याच वाट्याला न येणारी जागा उरते. वर्तुळे एकमेकांवर चढवून खोलीचा कोपरानकोपरा झाकायचा, तर चौकोनी मांडणीत दोन डिटेक्टरांमधले अंतर साडेदहा मीटरच्या आसपास येते. एक डिटेक्टर साधारण शंभर चौरस मीटर सांभाळतो असे जे म्हणतात, ते या भूमितीतूनच. अरुंद बोळात मात्र बाजूचे अंतर मोजावे लागत नाही, म्हणून तिथे पंधरा मीटरपर्यंत जाता येते.

साडेसात मीटरचा आकडा कमाल मर्यादा आहे, शिफारस नव्हे. धूर वर कसा जातो ते पाहिले की कारण कळते. आगीवरची तापलेली हवा खांबासारखी उभी चढते, छताला थडकते आणि छताखालून पातळ थर करून सगळीकडे पसरते. या थराच्या वाटेत तुळई आली की धूर अडतो. तुळईअलीकडचा कप्पा भरून ओसंडल्यावरच पुढे जातो. छताच्या उंचीच्या दहा टक्क्यांहून खोल तुळई असेल, तर ती भिंतच समजायची आणि पलीकडच्या कप्प्याला वेगळा डिटेक्टर द्यायचा. गोदामात किंवा अभिलेखागारात मांडणी छतापासून ३०० मिलिमीटरच्या आत पोहोचत असेल तर तीही भिंतच. सरकारी कार्यालयांत कपाटांवर फायलींचे गठ्ठे छतापर्यंत चढवलेले असतात. नकाशावर एक असलेली खोली अशाने डिटेक्टरच्या दृष्टीने तीन खोल्या झालेली असते. भिंतीपासून किमान अर्धा मीटर जागा सोडायची. छताच्या अगदी लगतही चालत नाही: धूर ओळखणारा भाग छताच्या खाली २५ मिलिमीटर ते ६०० मिलिमीटर या पट्ट्यात असावा.

एसीची झडप हा डिटेक्टरचा खरा वैरी. झडपेतून येणारा गार झोत डिटेक्टरवर पडत असेल, तर खोली धुराने भरली तरी डिटेक्टरच्या तोंडाशी स्वच्छ हवाच राहते. म्हणून हवा आत सोडणाऱ्या झडपेपासून किमान एक मीटर अंतर ठेवतात. उलट, हवा परत ओढणाऱ्या जाळीकडे धूर आपणहून येतो, पण तिथे तो पातळही होतो. अंतर्गत सजावट करणारा छताच्या नक्षीत डिटेक्टर सममितीने बसवू पाहतो, आणि झडपही त्याच सममितीत हवी असते. या भांडणात सजावटीला जिंकू देणे महागात पडते. फॉल्स सीलिंगच्या वरची पोकळी ८०० मिलिमीटरपेक्षा खोल असेल, तर तिथे वेगळे डिटेक्टर लागतात, कारण वायरींचे जंजाळ तिथेच असते. वरचा डिटेक्टर खालून दिसत नाही, म्हणून त्याच्याखाली खोलीत एक छोटा दर्शक दिवा लावतात. हा दिवा नसला, तर पॅनेल एका डिटेक्टरचे नाव घेत राहते आणि माणसे खाली दिसणारा भलताच डिटेक्टर तपासत बसतात.

उंच छतांखाली हे गणित पुरेसे पडत नाही. मॉलचे मधले दालन, विमानतळाचे सभागृह, नाट्यगृह अशा ठिकाणी धूर चढता चढता थंड होतो. छताखाली उन्हाने तापलेल्या हवेचा थर असेल, तर धूर त्याच्याखालीच तरंगत राहतो आणि छतावरचे डिटेक्टर कोरडेच राहतात. साडेदहा मीटरच्या वर म्हणूनच सुटा डिटेक्टर सहसा लावत नाहीत. तिथे किरणाचा डिटेक्टर वापरतात: एका भिंतीवरून निघालेला अवरक्त झोत समोरच्या भिंतीवरच्या परावर्तकावरून परत येतो आणि वाटेत धूर आला की क्षीण होतो. शंभर मीटरपर्यंतची लांबी असा एक डिटेक्टर सांभाळतो. संगणकांच्या सर्व्हर खोल्यांत, वस्तुसंग्रहालयांत हवा शोषून घेणारी प्रणाली बसवतात. छताखाली छिद्रांची नळी फिरते, पंखा सतत हवा ओढतो आणि एका पेटीत लेझरने ती तपासली जाते. डोळ्यांना दिसायच्या आधीचा धूर ही पेटी सांगते. किंमतही तशीच असते.

डिटेक्टरांच्या जोडणीची दोन घराणी आहेत. जुन्या, कन्व्हेन्शनल पद्धतीत एका मजल्यावरचे किंवा विभागाचे सगळे डिटेक्टर दोन तारांवर ओळीने असतात आणि पॅनेलवर फक्त विभागाचा दिवा लागतो. तिसऱ्या मजल्यावर काहीतरी झाले आहे इतकेच कळते. कोणत्या खोलीत, ते धावत जाऊन शोधायचे. अॅड्रेसेबल पद्धतीत प्रत्येक डिटेक्टरला स्वतःचा क्रमांक असतो. पॅनेल सर्वांना आळीपाळीने हाक मारते, प्रत्येक जण आपली स्थिती सांगतो, आणि पडद्यावर 'चौथा मजला, लिफ्टसमोरची मार्गिका' असा मजकूर येतो. बारा-पंधरा मजल्यांच्या इमारतीत ही माहिती अग्निशमन जवानांची पाच-दहा मिनिटे वाचवते.

कन्व्हेन्शनल विभागात शेवटच्या डिटेक्टरच्या बुडाशी एक रोधक बसवतात. पॅनेल त्या रोधकातून सतत थोडी वीज वाहवत ठेवते. तार तुटली तर वीज थांबते आणि पॅनेल बिघाड दाखवते. ही व्यवस्था चालावी म्हणून तार प्रत्येक डिटेक्टरच्या बुडाशी असलेल्या बेसमध्ये एका स्क्रूवरून आत जायला हवी आणि दुसऱ्यावरून बाहेर. घरातल्या दिव्यांच्या वायरिंगची सवय असलेला कारागीर मधूनच फांदी काढून एखादा डिटेक्टर जोडतो. तो डिटेक्टर चालतो, चाचणीत वाजतोही. पण उद्या उंदराने ती फांदी कुरतडली, तर पॅनेलला पत्ता लागत नाही, कारण रोधक मूळ ओळीच्या टोकाला शाबूत असतो. काम करणाऱ्याच्या हाताला ही चूक चूक वाटत नाही, आणि नंतर शोधायची तर प्रत्येक डिटेक्टर बेसमधून काढून पॅनेलवर बिघाड दिसतो का, हे पाहण्यावाचून दुसरा मार्ग नसतो. अॅड्रेसेबल लूपची तार पॅनेलपासून निघून पॅनेललाच परत येते, त्यामुळे एके ठिकाणी तुटली तरी दोन्ही बाजूंनी संपर्क राहतो. तार तुटण्याऐवजी दोन तारा एकमेकींना चिकटल्या, तर सगळा लूप आडवा होऊ शकतो; ते टाळण्यासाठी मध्ये मध्ये आयसोलेटर बसवून तेवढाच तुकडा वेगळा पाडतात. खर्च कापताना ठेकेदाराची कात्री सगळ्यात आधी या आयसोलेटरांवर चालते.

केबल आगीत तग धरणारी, तांब्याची, सहसा लाल आवरणाची. उघड्यावरून जाते तिथे आर्मर्ड. विजेच्या मोठ्या केबलींबरोबर एकाच पाइपातून ती नेत नाहीत, नाहीतर पंप सुरू होताच पॅनेलवर भुताटकी सुरू होते. तारा ओढून झाल्या की डिटेक्टर लावण्याआधी मेगरने आवरणाचा रोध तपासतात. हा क्रम उलटा झाला तर मोठे नुकसान होते, कारण मेगर ५०० व्होल्ट सोडतो आणि डिटेक्टर २४ व्होल्टवर जगणारे असतात. एका बटणासरशी मजलाभर डिटेक्टर जळतात. बेस आधी बसतात आणि डिटेक्टर शेवटी: रंगकाम, पीओपी घासणे, फरशी कापणे सगळे आटोपल्यावर. तोवर लावावेच लागले, तर कारखान्यातून येणारी पिवळी किंवा लाल धूळटोपी काढायची नाही. पुढे ती टोपी काढायला विसरतात, ही तितकीच सर्रास दिसणारी गोष्ट. टोपी घातलेला डिटेक्टर पॅनेलला अगदी निरोगी दिसतो, दिवाही लुकलुकतो.

अॅड्रेसेबल डिटेक्टरचा क्रमांक त्याच्या पाठीवरच्या फिरत्या खटक्यांनी किंवा हातातल्या प्रोग्रामरने देतात. दोन डिटेक्टरांना एकच क्रमांक गेला तर पॅनेल तक्रार करते, ते बरे. क्रमांक बरोबर पण मजकूर चुकीचा असेल, म्हणजे ४३ क्रमांकाचा डिटेक्टर नोंदवहीत मीटर खोलीत आणि प्रत्यक्षात जिन्याजवळ असेल, तर पॅनेलला काहीच खटकत नाही. मजल्यावरच्या खोल्यांचे नंबर ताबा घेताना बदलतात, पॅनेलमधला मजकूर बांधकामाच्या नकाशातलाच राहतो. हा दोष सापडतो तो एका माणसाने डिटेक्टरला धूर देऊन आणि दुसऱ्याने पॅनेलसमोर उभे राहून वॉकीटॉकीवर मजकूर वाचून दाखवला तरच. नवी प्रणाली ताब्यात घेताना हे प्रत्येक डिटेक्टरसाठी करायचे असते, नमुन्यादाखल चार-पाचांसाठी नव्हे. त्यानंतर आठवडाभर प्रणाली हूटर न जोडता नुसती चालू ठेवतात, म्हणजे चुकीच्या जागचे डिटेक्टर स्वतःच उघडे पडतात.

धूर कशाने द्यायचा, हा प्रश्न वाटतो तेवढा क्षुल्लक नाही. आपल्याकडे उदबत्ती, विडी, जळता कागद हीच सर्वांत चालू साधने. डिटेक्टर त्यांनी वाजतोही. पण उदबत्तीचा तेलकट धूर कोठडीच्या काळ्या पाकळ्यांवर चिकटतो, तिथे धूळ बसते, आणि दोन-चार चाचण्यांनंतर तो डिटेक्टर कारण नसताना वाजू लागतो. त्याहून वाईट म्हणजे खोट्या अलार्मांना वैतागून माणसे त्याला बंद करून टाकतात. योग्य साधन म्हणजे चाचणीसाठीच बनवलेला, मागे काही न ठेवणारा एरोसोल. लांब काठीच्या टोकाला पारदर्शक कप असतो, तो डिटेक्टरवर झाकायचा आणि फवारा मोजका सोडायचा. जास्त मारला तर डिटेक्टर रीसेट व्हायला वेळ घेतो. हीट डिटेक्टरसाठी त्याच काठीवर गरम हवेचा कप बसतो. लायटर धरणे म्हणजे डिटेक्टर वितळवणे.

काही डिटेक्टरांना बाजूला चुंबक लावला की ते अलार्म देतात. पॅनेलवरूनही तशी आज्ञा पाठवता येते. याने आतले इलेक्ट्रॉनिक्स, तार आणि पॅनेल तपासले जाते. जाळी कोळिष्टकाने बुजली आहे का, धूळटोपी आहे का, वर रंगाचा थर बसला आहे का, यातले काही चुंबकाला कळत नाही. चुंबकाची चाचणी उपयोगी आहे, पण ती धुराच्या चाचणीच्या जागी खपवणे ही निव्वळ फसवणूक. वर्षातून एकदा तरी प्रत्येक डिटेक्टरला बाहेरून धूर मिळालाच पाहिजे.

संवेदनशीलतेची चाचणी ही आणखी वेगळी. डिटेक्टर वाजतो का, यापुढे जाऊन तो किती धुराला वाजतो, हे ती पाहते. धुराचे प्रमाण प्रकाश किती अडला यावर मोजतात. अमेरिकेतल्या यूएल २६८ या मानकात डिटेक्टरची मर्यादा प्रत्येक फुटामागे अर्धा ते चार टक्के प्रकाश अडण्याइतकी आहे. याच मानकाच्या सातव्या आवृत्तीत दोन नव्या कसोट्या आल्या. पॉलियुरेथेन फोमची आग, म्हणजे आजच्या सोफ्याची, डिटेक्टरने वेळेत ओळखली पाहिजे. आणि भाजल्या जाणाऱ्या मांसाच्या धुराला बधता कामा नये. दोन्ही एकाच वेळी साधणे जुन्या डिटेक्टरांना जमत नव्हते. अॅड्रेसेबल पॅनेल प्रत्येक डिटेक्टरच्या कोठडीतली पायाभूत पातळी सतत नोंदवत असते. धूळ साचत गेली की पातळी चढते आणि पॅनेल तितकाच उंबरठा वर सरकवून तोल सांभाळते. ही सोय संपत आली की डिटेक्टरच्या नावापुढे साफसफाई करा, असा इशारा येतो. त्या इशाऱ्याची यादी छापून घेणे हे देखभालीतले सर्वांत स्वस्त काम आहे. तरी ते क्वचित होते.

डिटेक्टर वाजणे हा साखळीचा पहिलाच दुवा. त्यानंतर हूटर वाजले पाहिजेत, एसीचे पंखे थांबले पाहिजेत, लिफ्ट तळमजल्याला येऊन दार उघडून उभी राहिली पाहिजे, जिन्यात हवेचा दाब धरणारे पंखे सुरू झाले पाहिजेत, आणि कार्डाने उघडणारी दारे आपोआप सुटली पाहिजेत. कोणत्या डिटेक्टरने काय घडावे, याचा तक्ता प्रणालीसोबत मिळतो आणि चाचणी त्या तक्त्यावर बोट ठेवून करायची असते. हूटरचा आवाज डेसिबल मापकाने मोजतात: सर्वसाधारण जागेत किमान ६५ डेसिबल, आणि झोपायच्या ठिकाणी उशीपाशी ७५. हे शेवटचे मोजमाप दार बंद करून घ्यायचे. साधे दारही वीसेक डेसिबल खाते, त्यामुळे मार्गिकेत कानठळ्या बसवणारा हूटर खोलीत झोपलेल्या माणसाला जागे करीलच असे नाही. मग मुख्य वीज बंद करून पॅनेल बॅटरीवर टाकतात. पॅनेलमध्ये बाराच्या दोन बॅटऱ्या मिळून २४ व्होल्ट देतात. दिवसभर वीज गेली तरी प्रणाली जागी राहून शेवटी अर्धा तास सगळे हूटर वाजवू शकेल, इतका साठा त्यांत असावा लागतो. तीन-चार वर्षांत बॅटरी थकते. व्होल्टमीटरवर थकलेली बॅटरीही ठीक दिसते, म्हणून ती हूटरच्या भारासह तपासतात.

चाचणीच्या आधी रहिवाशांना सूचना लावणे, अग्निशमन पंप आणि लिफ्टच्या जोडण्या तात्पुरत्या तोडणे, पॅनेल चाचणी अवस्थेत टाकणे ही पूर्वतयारी असते. धोका तिच्याच उलट टोकाला असतो. संध्याकाळी माणसे थकलेली असतात, साहित्य आवरले जाते, आणि तोडलेली एखादी जोडणी तशीच राहते. त्यामुळे शेवटचे काम एकच: सगळे पूर्ववत करून, पुन्हा एका डिटेक्टरला धूर देऊन, साखळी टोकापर्यंत चालते का ते पाहणे आणि पॅनेलवरची बंद ठेवलेल्या उपकरणांची यादी रिकामी असल्याची नोंद वहीत करणे.

इथल्या हवेचे स्वतःचे त्रास आहेत. पावसाळ्याच्या तोंडाशी येणारे बारीक किडे उजेडाकडे झेपावतात आणि काही जाळीतून कोठडीत शिरतात. ग्राहकासमोर बसलेला किडा धुरासारखाच दिसतो. जुलैत गच्चीतून झिरपलेले पाणी जोडपेटीत उतरले की पॅनेल अर्थ फॉल्ट दाखवू लागते आणि पहारेकरी रोज बजर दाबून गप्प करतो. कोकण किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत बेसचे स्क्रू हिरवे पडतात. सदनिकेचे नूतनीकरण सुरू झाले की पीओपीची भुकटी मजलाभर पसरते. या सगळ्यातून होणारे खोटे अलार्म प्रणालीचा कणा मोडतात, कारण चार वेळा उगाच पळालेली माणसे पाचव्यांदा जागची हलत नाहीत. उपाय डिटेक्टर बंद करण्याचा नाही. जागा बदलणे, प्रकार बदलणे, व्हॅक्यूम क्लीनरने हलक्या हाताने धूळ ओढणे किंवा काम चालू असेपर्यंत टोपी घालून ती संध्याकाळी काढणे, हा आहे.

लवकर कळण्याचे मोल महाराष्ट्राने पाहिले आहे. ९ जानेवारी २०२१ ला मध्यरात्रीनंतर भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयातल्या नवजात बालकांच्या कक्षात आग लागली आणि दहा अर्भके दगावली. स्वतः उठून पळू न शकणाऱ्यांच्या इमारतीत मिनिटांचा हिशेब वेगळा असतो: तिथे अलार्म पळण्यासाठी नसतो, उचलून नेणारे हात वेळेत बोलावण्यासाठी असतो.

राज्यात महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ लागू आहे. त्यानुसार यंत्रणा बसवणे आणि चालू स्थितीत ठेवणे ही इमारतीच्या मालकाची किंवा भोगवटादाराची जबाबदारी आहे. सोसायटीच्या बाबतीत ती व्यवस्थापक समितीवर येते. दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र, म्हणजे 'फॉर्म बी', घेऊन अग्निशमन अधिकाऱ्याकडे द्यावे लागते. पुष्कळ सोसायट्यांत हा कागद वेळेवर येतो, फाइलला लागतो आणि वार्षिक सभेत मंजूर होतो. त्या कागदासोबत प्रत्येक डिटेक्टरचा क्रमांक, त्याला धूर दिल्याची तारीख, पॅनेलवर दिसलेला मजकूर आणि न वाजलेल्यांची यादी असे तपशील मागण्याचा हक्क समितीला आहे. एजन्सीला कंत्राट देतानाच ते लेखी मागून घ्यावेत, आणि तपासणीच्या दिवशी समितीच्या एखाद्या सदस्याने काठीवाल्याबरोबर निदान एक मजला तरी फिरावा.